तंबूकाका

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, जिथे एरवी माणूस बसतो तिथे, बंजीने आवळलेली लांबट हिरवी गुंडाळी दिसली की ओळखावं: हा गडी लॉजवर उतरणाऱ्यांतला नव्हे. गुंडाळीवर फोमची चटई, चटईवर स्लीपिंग बॅग, बाजूला लोंबकळणारा ॲल्युमिनियमचा टोप. घाटात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याची समजूत होते की पुढे कुणीतरी बिऱ्हाड हलवतंय. ती फारशी चुकीची नसते.

गाड्या घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येक ग्रुपात असा एक असतो. पुण्यात दोन असतात आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. आमच्यातल्याला सगळे काका म्हणतात. वय त्रेपन्न, व्हीआरएस घेतलेली, मुलगी-जावई कॅलिफोर्नियात, गाडी हिमालयन, मिशा गाडीला शोभतील अशा. चारचौघांत अत्यंत सभ्य गृहस्थ. बँकेत रांग मोडत नाहीत, रिक्षावाल्याला अहो-जाहो करतात. पण ट्रिप ठरत असताना कुणी नुसतं विचारलं, "खोल्या बुक केल्या का रे?" की काकांचा आवाज चढतो.

"खोली? खोलीतच झोपायचं तर घर काय वाईट होतं? तीनशे किलोमीटर गाडी हाणायची आणि पुन्हा ट्यूबलाइटखाली आडवं व्हायचं?"

मग आभाळ येतं, चांदणं येतं, मातीचा वास येतो आणि शेवटी मावळे येतात. "मावळे काय लॉजवर उतरत होते?" याला उत्तर नसतं. मावळ्यांकडे टॉप बॉक्सही नव्हता, पण ते काकांना कोण सांगणार?

मी स्वतः लॉजच्या पक्षाचा. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे जे येईल ते पक्षपाती आहे हे लक्षात राहील. दिवसभर हेल्मेटमध्ये डोकं शिजल्यावर मला बादलीभर गरम पाणी लागतं आणि त्यासाठी 'गरम पाणी सकाळी ६ ते ९' ही पाटी मी संध्याकाळी सात वाजता मॅनेजरशी हुज्जत घालून खोटी ठरवतो. मोबाइल चार्ज करायला भिंतीत सॉकेट लागतं, मग ते पलंगापासून दहा फुटांवर टीव्हीच्या मागे का असेना. लॉजला दोष आहेतच. उशीत कापूस आहे की सरकी, हे रात्रभर चाचपावं लागतं. चादरीवरची फुलं कुठली आणि डाग कुठले याची फार चौकशी न करता पडावं लागतं. पण पाठीखाली सपाट काहीतरी असतं, डोक्यावर छप्पर असतं आणि रात्री अंगावरून खेकडा जात नाही.

काकांचा पहिला मुद्दा पैशांचा. लॉजवाला बाराशे घेतो, आभाळ फुकट. हा मुद्दा ते काकूंसमोर मांडत नाहीत, कारण काकूंनी एकदा विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब केला होता. पहिला टेंट ९,००० (गळका निघाला). दुसरा टेंट १६,०००. स्लीपिंग बॅग ६,०००. आपोआप फुगणारी गादी ४,०००. घडीची खुर्ची ३,५००. शेगडी आणि डोक्याला बांधायचा दिवा १,५००. एकूण ४०,०००. दोघांत एक खोली घेतली तर माणशी सहाशे, म्हणजे सदुसष्ट रात्री तंबूत काढल्यावर पैसे वसूल. काका वर्षाला सहा रात्री काढतात. "वसूल होईपर्यंत पासष्टी येईल," काकू म्हणाल्या, "तोवर गुडघे राहिले तर बघा." काकूंनी स्वतः एकदाच तंबूचा अनुभव घेतला. संध्याकाळी जागा दाखवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "संडास कुठे आहे?" काकांनी हसऱ्या चेहऱ्याने घडीचं फावडं पुढे केलं. त्या क्षणी काकूंचं कॅम्पिंग संपलं.

नवा टेंट आला की त्याची रंगीत तालीम सोसायटीच्या गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीशेजारी हिरवा घुमट उभा राहिला की मुलं जमतात, सेक्रेटरी येतात आणि "यासाठी कमिटीची परवानगी?" असं विचारून जातात. उभा करायला पंधरा मिनिटं. खरी परीक्षा पुढे असते, कारण कारखान्यातून ज्या पिशवीतून तो आला त्या पिशवीत तो पुन्हा कधीच जात नाही. काका त्यावर गुडघ्यांनी बसतात, हवा काढतात, पुन्हा गुंडाळतात. शेवटी पिशवीत अर्धा टेंट आणि अर्धा बाहेर अशी तडजोड होते. नंतर कळतं की खुंट्या खालीच राहिल्या.

तंबूवाल्यांतही पोटजाती आहेत. पवना धरणाच्या काठी जे ओळीने तंबू लावून मिळतात, जिथे आत गादी, बाहेर बार्बेक्यू आणि स्पीकरवर पहाटेपर्यंत गाणी असतात, त्याला काका कॅम्पिंग मानत नाहीत. "ते मंगल कार्यालय आहे," म्हणतात, "फक्त लग्न नाही." यात मी काकांच्या बाजूला आहे.

तंबूची खरी कसोटी कोकणात लागते. पुण्यात बसून जे दिसतं ते वेगळं. टेंटच्या लेबलवर '२,००० मिलिमीटर वॉटरप्रूफ' असं छापलेलं असतं. ते काकांनी इतक्या अभिमानाने वाचून दाखवलं की आमच्यातला एक जण सहज म्हणाला, "रत्नागिरीला वर्षाला तीन हजारांच्या वर पडतो. म्हणजे श्रावणानंतर गळणार." वास्तविक त्या आकड्याचा वर्षाच्या पावसाशी काही संबंध नाही. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, एवढंच तो सांगतो. काकांनी हे चांगलं अर्धा तास समजावलं, पण पावसाळ्यात मात्र तंबू कोकणात नेला नाही.

नेला तो मार्गशीर्षात. ताम्हिणी उतरून, बागमांडल्याला फेरीबोटीत गाड्या चढवून, वेसवीला उतरून, केळशी-आंजर्ल्याच्या बाजूने आम्ही निघालो. पहिल्या संध्याकाळी काकांना एक सडा आवडला. वर आभाळ, खाली समुद्र, मधे कुणी नाही. पण सडा म्हणजे जांभा. ज्या दगडाचे चिरे काढून कोकणात घरं बांधतात, त्या दगडात काका ॲल्युमिनियमची काडी ठोकायला बसले. पहिली वाकली. दुसरी वाकली. तिसरीला जांभ्याचं भोक सापडलं, पण ते एवढं मोठं होतं की काडी आत गेली आणि वर आलीच नाही. अखेर एका बाजूची दोरी हिमालयनला आणि दुसऱ्या बाजूची एका मोठ्या धोंड्याला बांधली. दोनशे किलोची गाडी रात्रभर खुंटी म्हणून उभी होती. काका म्हणतात, टेंट हलला नाही. गाडीचं स्टँड हललं, ते ऐकून ते रात्रीतून चार वेळा उठले.

त्यात दार समुद्राकडे केलं होतं, वारा यावा म्हणून. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई. काकांना भूगोलात उत्तम मार्क होते, पण दाराची दिशा ठरवायची वेळ आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि वारा खारा होता. रात्री तो उलटला. काका आतल्या आत घामाने आणि स्वतःच्याच श्वासाच्या पाण्याने भिजले, कारण बंद तंबूत उच्छ्वासाची वाफ थंड कापडाला लागून थेंबाथेंबाने परत खाली येते. पहाटे आम्ही गेलो तेव्हा ते घडीच्या खुर्चीत बसून सूर्योदय बघत होते. "झोप?" "मस्त!" डोळे मात्र लाल.

दुसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला दुसरी फेरीबोट आणि संध्याकाळी गुहागर. आमचा मुक्काम सुपारीच्या वाडीतल्या एका घरी, घरगुती राहण्याजेवण्याची सोय असलेल्या. काकांनी अर्थात सुरूच्या बनापुढे पुळण गाठली. पौर्णिमा होती, म्हणजे दत्तजयंती, आणि चांदण्यात वाळूवर झोपण्याचं काकांचं ठरलेलं होतं. वरची वाळू पायाला भुसभुशीत लागत होती, खुंटी धरत नव्हती, म्हणून त्यांनी जरा खाली, ओल्या, घट्ट, सपाट वाळूवर तंबू उभारला. वाळूत वाळलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची एक लांब रेघ होती. तंबू त्या रेघेच्या समुद्राकडच्या अंगाला होता.

तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून एक म्हातारबाबा चालले होते. थांबले. तंबूकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं.

"इथं नको. आज पुनव."

"हो ना," काका म्हणाले, "म्हणूनच तर!"

"अहो, पुनवेचं पाणी साडेअकरापर्यंत इथवर येतंय."

हे म्हाताऱ्याने कुठल्या ॲपमध्ये पाहिलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या माणसाला एक साधा आडाखा माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पाणी सहाला भरतं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं इकडे तिकडे. वर पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. ती शेवाळाची रेघ समुद्राने स्वतः आखून ठेवलेली होती. काकांनी बाबांचे आभार मानले आणि ते वळल्यावर आम्हाला हळूच म्हणाले, "जुनी माणसं, जरा घाबरट असतात."

रात्री जेवायला काका आमच्यात. घरच्या वहिनींनी विचारलं, "किती पानं?" "सहा, त्यातलं एक बाहेर झोपणारं." कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, वर मोदक. तत्त्व काकांच्या झोपेपुरतंच आहे. जेवण छपराखाली चालतं. पॉवर बँक आमच्या सॉकेटला लागते. सकाळचं काय ते आमच्याच बाथरूममध्ये उरकतं आणि त्या वेळी लॉजवाल्यांना बाहेर रांग लावावी लागते. नऊ वाजता दात घासून, सगळ्यांना "बिचारे तुम्ही" अशा नजरेने निरोप देऊन काका चांदण्यात निघून गेले.

बाराच्या सुमाराला अंगणातलं कुत्रं भुंकलं. दारात काका. पँट मांडीपर्यंत ओली, काखेत टेंट, दुसऱ्या हातात एकच बूट. मागे चंद्र अगदी त्यांनी सांगितला तसा लखलखत होता.

"काका, पाणी?"

"छे छे. किनाऱ्यावर कुत्री फार आहेत. म्हटलं, तुम्ही दारं नीट लावलीत का बघावं."

वहिनींनी काही न विचारता एक गादी काढून दिली. ती त्यांनी आधीच बाहेर काढून ठेवली होती. कोकणातल्या बायकांना सगळं माहीत असतं.

लडाखची गोष्ट आणखी वेगळी. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये पोचणं सोपं झालंय. नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की रोहतांगची चढण चुकते. पुढे तांडीला, जिथे चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात, तिथल्या पंपावर एक पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती पाटी बघून शहाणी माणसं पेट्रोलचे कॅन बांधतात. काकांच्या गाडीवर कॅन बांधायला जागाच नव्हती, तिथे खुर्ची होती. त्यांचं पेट्रोल आम्ही तिघांनी वाटून नेलं.

जिस्पाला आम्ही लॉज घेतला, काकांनी भागेच्या काठी टेंट लावला. इथे मात्र आम्ही एका बाबतीत हटून बसलो: मनालीहून एका दमात सरचूला जाऊन झोपायचं नाही. मनाली २,००० मीटरवर, सरचू सुमारे ४,३०० वर. एवढी उंची एका दिवसात चढून तिथेच पडलं की डोकं ठणकतं, उलट्या होतात आणि मग छत कापडाचं आहे की काँक्रीटचं याला काही महत्त्व राहत नाही. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा दिवसाला साधारण पाचशे मीटरच्या वर चढवू नये असं डॉक्टर सांगतात. मनाली-लेह रस्त्यावर ते काटेकोर पाळणं कठीण, पण जिस्पाची रात्र तरी हवीच. हे काकांनी मानलं. उंचीच्या विषयात ते शहाणे आहेत.

सरचूला पोचल्यावर काकांना वरण-भात करायची हुक्की आली. तूरडाळ पुण्याहून आणलेली. पाणी खळखळ उकळलं, तासभर उकळत राहिलं, आणि डाळ जशीच्या तशी. त्या उंचीवर पाणी शहाऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. खळखळाट पूर्ण, ऊब अर्धवट. म्हणून तिथल्या प्रत्येक ढाब्यात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आम्ही ढाब्यावर राजमा-चावल खाऊन आलो तेव्हा काका डाळीला चमच्याने दाबून बघत होते. आणि त्या रात्री हे गृहस्थ झोपले कुठे? सरचूला उन्हाळ्यापुरते उभे राहणारे पक्के कॅम्प असतात: कॅनव्हासचं छप्पर, आत लाकडी पलंग, दोन-दोन रजया आणि मागे कमोड. काकांनी रजई हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाले, "टेंटच आहे ना हा? मग?"

अमेरिकेत लेकीकडे गेल्यावरही त्यांनी जावयाबरोबर भाड्याच्या गाड्या काढल्या. तिथे मोटारसायकलवाल्यांत हाच वाद मोटेल आणि कॅम्पग्राउंड असा चालतो, आणि काकांना वाटलं आपण आपल्या माणसांत आलो. योसेमिटीत नियम असा की अन्न, साबण, टूथपेस्ट, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं लोखंडी पेटीत बंद करायचं, नाहीतर अस्वल येतं. सॅडल बॅगेत काही ठेवायचं नाही. काकांनी चिवडा दिला, बाकरवडी दिली, दात घासायची पेस्ट दिली. रेंजरबाईंनी कैलास जीवनच्या डबीचाही वास घेतला आणि तीही पेटीत गेली. रात्रभर त्यांना अस्वलापेक्षा बाकरवडीची काळजी.

पुढे समुद्राकाठच्या रस्त्यावर कॅम्पग्राउंडमध्ये जागाच नव्हती. ती म्हणे सहा-सहा महिने आधी भरते. मग नाइलाजाने सॅन लुइस ओबिस्पोला मोटेल घेतलं. जगातलं पहिलं मोटेल याच गावात १९२५ साली उघडलं, हे काकांनी आम्हाला नंतर अशा थाटात सांगितलं की जणू त्यांनी ते ऐतिहासिक अभ्यासासाठी घेतलं. मालक गुजराती निघाले. अमेरिकेतली बरीचशी मोटेलं गुजराती कुटुंबंच चालवतात. त्यांनी आल्याचा चहा पाठवला. खोलीचं दार उघडलं की समोर गाडी उभी, पलंगावरून हँडल दिसतं. काका त्या रात्री घोरले, असं जावई सांगतो. काका म्हणतात, "त्याला लॉज म्हणता येणार नाही. गाडी जवळ होती."

एवढं सगळं बोलून झाल्यावर एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. तंबूवाल्याला उजेडात जागा शोधावी लागते, म्हणून तो पाचला थांबतो आणि जागा शोधायची म्हणजे माणसांना विचारावं लागतं. आम्ही खोली आधी बुक करून जातो. आम्हाला कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून कुणी काही सांगतही नाही. काकांना पोलीस पाटील भेटतात, शाळेचे मास्तर भेटतात, कुणाच्या तरी विहिरीला पाणी किती फुटांवर लागलं ते कळतं. माण तालुक्यात एका गावात त्यांना मारुतीच्या देवळाचा सभामंडप दिला. रात्री दहा माणसं गप्पा मारायला बसली, सकाळी दोन घरांतून पोहे आले. आम्ही तालुक्याच्या गावी लॉजवर टीव्हीचा रिमोट शोधत होतो. फक्त एवढंच, की काकांनी तंबू सभामंडपाच्या आत उभारला होता. छपराखाली तंबू. तंबूत काका.

आणि सकाळी आम्ही सहाला निघायला तयार, तर काकांचा टेंट वाळत घातलेला. ओला गुंडाळला तर कुबट वास येतो, काळे डाग पडतात, १६,००० गेले. म्हणून आठ वाजता नाश्ता, साडेनऊला पुन्हा नाश्ता, मग प्रस्थान. काकांमुळे आमच्या ट्रिपा सावकाश होतात आणि आमची वजनं वाढतात. घरी परतल्यावर तोच टेंट चार दिवस त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यावर पसरलेला असतो. पाहुणे आले तर काकू त्यांना सरळ आतल्या खोलीत नेतात.

तुमच्या ग्रुपात असा काका असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला तंबू नेऊ द्या, जागा निवडू द्या, मावळ्यांबद्दल बोलू द्या. खोली बुक करताना मात्र एक गादी जास्तीची सांगा आणि निजताना दाराला आतून कडी लावू नका. रात्री बारा वाजता उठून ती काढायचा फार कंटाळा येतो.